कुत्रीच्या थानाजवळ गाठ लागली तर काय करायचं, आणि सूज उतरली म्हणून लगेच खूश का व्हायचं नाही

आमच्या ज्युलीची पहिली गाठ मला नाही सापडली, आईला सापडली. बेळगावात शहापूरच्या घरी संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन केस विंचरत बसलेली, आणि म्हणाली अरे हिला मागच्या थानाजवळ हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय बघ. शेजारच्या काकू म्हणाल्या हळद-चुना लाव, दोन दिवसात बसतंय की. लावला. ज्युलीनं तो चाटून साफ केला आणि जिभेला चट्टे पडले ते वेगळंच. मग मी एका मेडिकलमधून "कुत्र्याला सूज आलीय" एवढंच सांगून गोळ्या आणल्या, पाच दिवसात आजूबाजूची सूज उतरली, थान मऊ लागायला लागलं, आणि आम्ही सगळे खूश. चार महिन्यांनी बघतोय तर हरभऱ्याचं लिंबू झालेलं.

म्हणून हे लिहायलोय. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर दोन वर्षं या विषयात इतका घुसलो की आता गल्लीत कुणाच्या कुत्रीला काही झालं की पहिला फोन मला येतो. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गाठ वेगळी आणि सूज वेगळी, पण दोघींचं आतून फार घट्ट साटंलोटं असतं, आणि सूज गेली म्हणजे गाठ गेली असं कधीच समजायचं नाही. हे नुसतं सांगून पटत नाही, मलापण पटलं नव्हतं, त्यामुळे आत नेमकं काय चाललेलं असतं तेपण सांगतो, पण आधी हाताचं काम.

हात कसा फिरवायचा

कुत्रीला थानांच्या दोन ओळी असतात, छातीपासून जांघेपर्यंत, बहुतेक कुत्र्यांत पाच जोड्या म्हणजे दहा, कुणाला चार किंवा सहापण असतात. गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत होतात कारण तिथं ग्रंथीचं मांस जास्त असतं. महिन्यातून एकदा, पोट भरलेलं असताना आणि ती निवांत असताना कुशीवर किंवा उताणी झोपवा, अंगठा आणि दोन बोटं यांच्यात थानाच्या बाजूची कातडी हलकेच चिमटीत धरून फिरवत जा, जशी आपण शेंगेतले दाणे चाचपतो तशी. मऊ लागायला पाहिजे. ज्वारीच्या दाण्याएवढं जरी कडक काही लागलं तरी तिथं थांबा. नुसत्या बोंडीला गाठ समजून घाबरणारेपण भेटलेत मला, त्यामुळे दोन्ही बाजू ताडून बघा. शेवटी काखेत आणि जांघेत हात घाला, कारण पुढच्या थानांचा निचरा काखेतल्या लिम्फ नोडकडे, म्हणजे तो निचरा गाळणाऱ्या बारीक ग्रंथींकडे जातो आणि मागच्यांचा जांघेतल्या.

पॉमेरियन, स्पिट्झ असल्या केसाळ कुत्र्यांत डोळ्याला काही दिसत नाही, हातच पाहिजे. उलट मुधोळ हाउंडचं पोट एकदम उघडं, लांबूनसुद्धा फुगवटा दिसतो, पण अथणी, रायबागकडं शेतावर ज्यांच्याकडं पिल्लांसाठी मुधोळ माद्या आहेत ते लोक वेताच्या गडबडीत थान बघतात ते फक्त दुधासाठी. पिल्लं सुटली की एकदा नीट चाचपा.

सापडली तर लिहून ठेवा. तारीख, कुठली बाजू, पुढून कितवं थान, कातडीसोबत हलते की आत चिकटलीय, गरम आहे का, दाबल्यावर ती वळून बघते का. मापाला सोपी युक्ती म्हणजे शेजारी दहाचं नाणं धरून फोटो काढायचा, ते नाणं २७ मिलिमीटरचं असतं. डॉक्टर लोक गाठीचं माप तीन टप्प्यांत बघतात, ३ सेंटिमीटरच्या खाली, ३ ते ५, आणि ५ च्या वर, त्यामुळे गाठ दहाच्या नाण्याच्या बाहेर जायला लागली की आपण पहिल्या टप्प्याच्या काठावर आलो असं समजायचं. तिथपर्यंत वाट बघायची असा याचा अर्थ नाही हां. गाठ लहान असते तेव्हा ती साधी असण्याची शक्यता जास्त, आणि वाढत जाईल तशी कॅन्सरची शक्यता वाढते, एकच गाठ साधीपासून सुरू होऊन पुढं बिघडू शकते असं आता मानतात. सगळ्या मिळून बघितलं तर साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. म्हणजे नाणं उडवल्यासारखं आहे, आणि बोटानं दाबून कोणती बाजू पडली ते डॉक्टरलापण कळत नाही.

एक फसवणारी गोष्ट. हीट, म्हणजे माज, होऊन दीड-दोन महिने झाले की काही कुत्र्यांना पिल्लं नसतानाच दूध येतं, खोटं गाभणपण, चपला-खेळणी गोळा करून कोपऱ्यात घेऊन बसतात. तेव्हा थानं फुगतात, पण सगळी ओळ सारखी आणि मऊ फुगते, आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. ती उतरल्यावर एका जागी काही उरलं असेल तर ते उरलेलं म्हणजे गाठ.

आता आत काय चाललेलं असतं

सूज, लाली, गरमी, दुखणं, ही चार लक्षणं दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या माणसानं लिहून ठेवलीत, अजूनही तीच शिकवतात. आपण दाह म्हणतो, इथं कन्नड पत्रकावर उरियूत असं लिहिलेलं दिसतं, इंग्रजीत इन्फ्लमेशन. बाभळीचा काटा पायात गेला की काय होतं बघा, पहिल्यांदा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतू मारतात, मागून मॅक्रोफेज येतात, म्हणजे भक्षक पेशी, त्या मेलेलं खाऊन जागा साफ करतात, आणि मग त्यातल्याच काही मॅक्रोफेज गवंड्याचं काम करतात, नवीन रक्तवाहिन्या ओढतात, भराव घालतात, जखम भरते, सगळे घरी जातात.

गाठीत ते घरी जात नाहीत. आमच्या गल्लीतला रस्ता पाइपलाइनसाठी खणला होता, एक टोळी येऊन भरून जायची, दुसरी येऊन परत खणायची, खडी-मुरूम रोज येऊन पडायचा, काम चाललंय असं दिसायचं आणि रस्ता कधीच पुरा व्हायचा नाही. अगदी तसंच. हार्वर्डच्या डॉ. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं की कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखम. त्याच्याही फार आधी, १८६३ मध्ये, जर्मनीतल्या रुडॉल्फ विरशॉ यांना गाठीत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या आणि दाह आणि कॅन्सरचा काहीतरी संबंध आहे असा त्यांचा अंदाज होता.

मॅक्रोफेजचे ढोबळ दोन स्वभाव असतात, एम१ म्हणजे मारणारा आणि एम२ म्हणजे दुरुस्ती करणारा. खरं तर मधल्या अनेक छटा असतात, पण समजायला दोन पुरे. गाठीतल्या पेशी आयएल-१०, टीजीएफ-बीटा असली रसायनं सोडून या मॅक्रोफेजना दुरुस्तीच्या बाजूला झुकवतात. झालं, आता घरचाच गवंडी शत्रूचं घर बांधायला लागला. व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडून तो गाठीला रक्ताची लाइन टाकून देतो, आजूबाजूचं जाळं मोकळं करून कॅन्सरच्या पेशींना बाहेर पडायला वाट करून देतो. कुत्र्यांच्या स्तनगाठींत कॅन्सरच्या गाठीत असल्या मॅक्रोफेज साध्या गाठीपेक्षा जास्त सापडतात आणि त्या जास्त असल्या तर पुढचं गणित वाईट असतं असं अभ्यासांत दिसलंय.

दुसरी मंडळी टी पेशींची. सीडी८ म्हणजे प्रत्यक्ष जाऊन मारणारी, सीडी४ म्हणजे हुकूम देणारी, आणि सीडी४ मध्येच एक रेग्युलेटरी म्हणून गट असतो, त्यांचं काम भांडण सोडवायचं, "बस की आता" म्हणायचं. अंगात हे फार गरजेचं आहे नाहीतर शरीर स्वतःलाच खाईल. पण गाठीत हे भांडण सोडवणारे वाढले की मारणाऱ्यांचे हात बांधले जातात, आणि कुत्र्यांच्या जास्त दांडगट गाठींत ते वाढलेले दिसतात. सीडी८ च्या मानानं सीडी४ फार जास्त असलेल्या कुत्र्या कमी जगल्या असंही निघालंय. त्यामुळे "गाठीत पांढऱ्या पेशी भरपूर आहेत म्हणजे शरीर लढतंय" हे जे आपल्याला वाटतं ना, ते अर्धंच खरं. किती आहेत यापेक्षा कोणत्या आहेत आणि कुणाच्या बाजूनं काम करायलेत हे महत्त्वाचं. आणि हे सीडी४-सीडी८ साध्या बायोप्सी रिपोर्टात येत नाही बरं का, त्याला वेगळं इम्युनो स्टेनिंग, म्हणजे पेशींना खास रंग लावून तपासणं लागतं, आणि त्यावरून आज तुमच्या कुत्रीचा इलाज बदलेल असंही नाही, त्यामुळे ते करा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका.

तिसरं नाव म्हणजे कॉक्स-२, आणि हे आपल्या गोळ्यांशी थेट जोडलेलं आहे म्हणून नीट वाचा. हे एक एन्झाइम, ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं, त्यानं सूज येते, दुखतं, ताप येतो. कॅन्सरच्या स्तनगाठींत कॉक्स-२ साध्या गाठींपेक्षा जास्त असतं, आणि तेच प्रोस्टाग्लँडिन नवीन रक्तवाहिन्या वाढवतं आणि टी पेशींना गप्प बसवतं. आपल्या दुखण्याच्या गोळ्या बहुतेक याच कॉक्सवर काम करतात. मग तुम्ही म्हणाल, मेडिकलच्या गोळीनं ज्युलीची सूज उतरली तर चांगलंच झालं की! नाही ना. सूज उतरली म्हणजे भोवतीचं पाणी आणि गर्दी कमी झाली, मधली गाठ होती तिथंच होती. उलट ती नीट हाताला लागायला लागली होती आणि मी हात लावणंच बंद केलं होतं.

दवाखान्यात जायच्या आधी काय करू नका

माणसाची दुखण्याची गोळी द्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यानं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हरला आणि रक्ताला बाधतं. डायक्लोफिनॅक तर गिधाडं मरायला लागली म्हणून जनावरांसाठी २००६ सालीच आपल्या देशात बंद केलंय. कुत्र्यांसाठी याच जातीची वेगळी औषधं असतात, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब, काही केसमध्ये पिरॉक्सिकॅम, पण ती रक्त तपासून, वजनावर, डॉक्टरनं दिलेली. काळं शेण, उलटी, खाणं बंद असं झालं की गोळी थांबवून लगेच फोन करायचा. आणि स्टेरॉइड आणि या गोळ्या कधीच एकत्र नाही, पोटाला भोक पडू शकतं. याआधी कुणी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच, दिलेलं असेल तर ते लपवू नका, डॉक्टर ओरडतील म्हणून लोक सांगत नाहीत, मीपण नव्हतं सांगितलं.

हळद-चुना नको, चुना भाजतो आणि ती चाटते. हळदीवर प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर बरंच काम झालंय, खरं आहे, पण तो अर्क पोटातून रक्तात फार कमी उतरतो आणि वरून लावलेला लेप आतल्या गाठीपर्यंत पोचत नाही. शेक देणं, चोळणं, पिळणंपण नको. गाठ फुटून जखम झाली असेल तर आमच्या भागात, खासकरून खानापूर साइडला पावसाळ्यात, दोन दिवसात अळ्या पडतात, आणि मग निपाणीकडं लोक तंबाखूची भुकटी दाबतात, कुणी डांबरगोळी. दोन्ही विष आहे, निकोटिन जखमेतून अंगात जातं आणि चाटून पोटात. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ सुती कापड गुंडाळा, माशी बसू देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हीट येऊ नये म्हणून जे हार्मोनचं इंजेक्शन काहीजण देतात, प्रोजेस्टेरॉन जातीचं, ते शक्यतो टाळा. त्यानं थानाच्या गाठी वाढतात आणि गर्भपिशवीत पू होण्याचा धोकापण वाढतो.

नुसती लाल-गरम असेल तर

इथं तीन गोष्टींत गोंधळ होतो आणि हा गोंधळच सगळ्यात महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली, मॅस्टायटिस म्हणजे थानाला जंतू लागणं. कुत्री नुकतीच व्यालेली असते किंवा खोटं दूध आलेलं असतं, थान गरम, दाबलं की पिवळट किंवा रक्ताळ दूध, ताप, पिल्लांना पिऊ देत नाही. अँटिबायोटिकनं काही दिवसात सरळ फरक दिसतो.

दुसरी, साधी किंवा कॅन्सरची गाठ जिच्यावर घासून, चाटून, जंतू जाऊन दाह चढलाय. म्हणजे मॅस्टायटिससारखं दिसतं पण आत गाठ आहे. औषधानं वरचं बसतं, गाठ राहते. ज्युलीचं हेच.

तिसरी, आणि ही वाईट. इन्फ्लमेटरी कार्सिनोमा. बहुतेक वयस्क कुत्री, पिल्लं नाहीत, दूध नाही, आणि काही दिवसांतच थानांची अख्खी ओळ दगडासारखी कडक, लाल, गरम, हात लावू देत नाही, मागचा पाय सुजतो, चालताना लंगडते. अँटिबायोटिक देऊन हलत नाही. लोक आणि कधी कधी डॉक्टरपण मॅस्टायटिस समजून आठवडे घालवतात. मला हे वाचून सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं की नाव इन्फ्लमेटरी असलं तरी ही लाली-सूज मुख्यतः पांढऱ्या पेशींमुळे नसतेच. कॅन्सरच्या पेशींचे गठ्ठे कातडीतल्या बारीक लिम्फच्या नळ्यांत जाऊन अडकतात, निचरा तुंबतो, म्हणून कातडी फुगते आणि लाल होते, गटार तुंबल्यावर अंगणात पाणी चढतं तसं. कातडीचा छोटा तुकडा तपासला की ते गठ्ठे दिसतात. याच्यात ऑपरेशन करत नाहीत, कारण कापलेल्या जागीच परत येतं आणि कुत्रीचे हाल होतात, रक्त गोठण्याचापण गोंधळ असतो. दुखणं कमी करणारी कॉक्सवरची औषधं हाच मुख्य आधार, आणि वेळ आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजायचा असतो. आमच्या मावशीच्या हिंडलग्याच्या घरच्या कुत्रीला हेच होतं, त्यांना खरं सांगणारा डॉक्टर मिळाला, शेवटचे पाच आठवडे ती बिचारी न कण्हता झोपायची तरी.

तर नियम असा की पिल्लं-दूध काही नाही आणि थान लाल-गरम-कडक आहे, किंवा अँटिबायोटिकला आठवडा होऊनही फरक नाही, तर "अजून एक कोर्स करूया" ला हो म्हणू नका. तुकडा तपासूया का, असं स्वतः विचारा.

डॉक्टरकडं गेल्यावर

बरेचजण सुईनं पाणी काढून तपासा म्हणतात, एफएनए. ते चांगलं आहे, पू आहे की चरबीची गाठ आहे की दुसरंच काही आहे ते कळतं, जांघेतल्या नोडमध्ये कॅन्सर गेलाय का तेपण कळतं. पण स्तनगाठ साधी की कॅन्सरची हे सुईवरून खात्रीनं सांगता येत नाही, आणि दाह असेल तर अजूनच नाही, कारण दाहात चांगल्या पेशीसुद्धा वेड्यावाकड्या दिसायला लागतात. त्यामुळे सुईच्या रिपोर्टात "इन्फ्लमेशन" एवढंच आलं तर ते उत्तर नाही, दाह उतरवून परत बघायचं किंवा सरळ गाठ काढून तपासायची.

ऑपरेशनच्या आधी छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढायला सांगा, उजवी कूस, डावी कूस आणि उताणी, एकाच बाजूनं काढला की खालच्या फुप्फुसातले डाग लपतात, आणि हा कॅन्सर लांब गेला तर सगळ्यात आधी बहुतेक फुप्फुसातच जातो. पोटाची सोनोग्राफी, रक्तातून किडनी-लिव्हर, आणि सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. सीबीसीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट असे दोन आकडे असतात, पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की अंगातल्या दाहाचा एक अंदाज येतो, काही अभ्यासांत हा भागाकार जास्त असलेल्या कुत्र्यांचं पुढं वाईट झालंय. पण तो आकडा घेऊन रात्रभर जागत बसू नका, मी बसलो होतो. गाडीत घाबरली, सुईला घाबरली, दात किडलेत, स्टेरॉइड चालू आहे, यातलं काहीही असलं तरी तो वाढतो. सीआरपी नावाची रक्ततपासणीपण तशीच, दाह आहे एवढं सांगते, कुठं आहे ते नाही.

बेळगावात साधी गाठ काढायचं ऑपरेशन होतं. पण पूर्ण ओळ काढायची असेल किंवा पुढं केमोचा विचार असेल तर मोठ्या ठिकाणी एकदा दाखवा, आमच्याकडून पुण्याच्या हायवेलाच शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागतं, दुसऱ्या दिशेला बेंगळुरूचं हेब्बाळचं कॉलेज, आणि मुंबईला नातेवाईक असतील तर परळचं, ते १८८६ पासूनचं आहे. जाताना जुने रिपोर्ट, ती नाण्याचे फोटो असलेली वही आणि आधी दिलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपा न्या. भाषेचं टेन्शन घेऊ नका, रिपोर्ट सगळीकडं इंग्रजीतच असतो, कन्नड-मराठीचं भांडण कुत्रीच्या गाठीपर्यंत अजून पोचलेलं नाही.

काढलेली गाठ फेकू द्यायची नाही, हे अगदी हात जोडून सांगतो. "काढली की, आता कशाला तपासायची" असं म्हणणारे खूप आहेत. तपासली नाही तर पुढचं सगळं अंधारात. डबा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा, आत १० टक्के फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट. स्पिरिट नाही, सलाइन नाही, फ्रीजर तर अजिबात नाही, गोठलं की पेशी फुटतात. एकापेक्षा जास्त गाठी असतील, आणि बऱ्याचदा असतात, तर प्रत्येकीचा डबा वेगळा आणि वर "डावी चौथी", "उजवी पाचवी" असं लिहिलेलं, कारण एकाच कुत्रीत एक साधी आणि शेजारची कॅन्सरची असू शकते. झाकण चिकटपट्टीनं बंद करून मगच कुरिअर, नाहीतर कोल्हापूरपर्यंत अर्धं फॉर्मेलिन सांडलेलं असतं.

रिपोर्ट आला की घाबरत शेवटच्या ओळीवर उडी मारू नका, पाच गोष्टी शोधा. गाठीचं नाव, त्यात अॅडेनोमा किंवा बिनाइन मिक्स्ड असेल तर साधी, कार्सिनोमा असेल तर कॅन्सर. ग्रेड १, २ की ३, तीन म्हणजे जास्त दांडगट. मार्जिन, म्हणजे काठ स्वच्छ आहे की काठापर्यंत पेशी आहेत. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे पेशी नळ्यांत शिरल्यात का, हे असलं तर पुढचं लक्ष जास्त ठेवायचं. आणि नोड पाठवला असेल तर त्यात काय. याच्या आजूबाजूला "लिम्फोप्लाझ्मासायटिक इन्फिल्ट्रेट", "मॅक्रोफेजेस", "नेक्रोसिस" असले शब्द असतात. पहिल्याचा अर्थ लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची गर्दी, दुसरे आपले गवंडी, नेक्रोसिस म्हणजे मधला भाग रक्त न मिळून मेलेला, आणि मेलेलं असलं की ते खायला पेशी येणारच. नुसत्या या शब्दांवरून चांगलं-वाईट ठरवू नका, ग्रेड आणि मार्जिनसोबत वाचायचे. मार्जिन स्वच्छ, ग्रेड १ असेल तर बऱ्याच कुत्र्यांना ऑपरेशन हाच पूर्ण इलाज असतो.

कॉक्सची गोळी पुढं महिनोन्महिने चालू ठेवायची का हा प्रश्न डॉक्टरला विचाराच, काहीजण ग्रेड ३ किंवा नळ्यांत शिरलेल्या केसमध्ये देतात, काहीजण नाही. पण किडनीची तपासणी करत करत, आणि मनानं चालू किंवा बंद नाही.

टाके १० ते १४ दिवस. गळ्यात कोन घालायचाच, दया येऊन काढलात की रात्रीत टाके तोडते. जुना लहान मुलाचा टी-शर्ट घातला तरी चालतो पण कोनासोबत. टाक्याखाली पाण्याचा मऊ फुगा येऊ शकतो, तो दाबून काढायचा नाही, दाखवायचा. थोडी सूज-लाली पहिले तीन-चार दिवस असणारच, ही मात्र कामाची सूज, जखम भरणारी, रोज कमी होत जाणारी. पाचव्या दिवशी वाढायला लागली, वास आला, तर दवाखाना. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला किंवा आपल्याला लागण वगैरे काही होत नाही, पोरांना लांब ठेवायची गरज नाही, फक्त उड्या मारू देऊ नका.

पिशवी काढायची का

पिशवी, म्हणजे गर्भपिशवी आणि अंडाशय, लहान असतानाच काढली तर या गाठींचा धोका कमी होतो. १९६९ सालच्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे सगळीकडं सांगतात, पहिल्या हीटच्या आधी काढली तर न काढलेल्यांच्या मानानं धोका ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर ८, दुसरीनंतर २६. पुढं २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी म्हटलं की पुरावा वाटतो तितका पक्का नाही. माझं मत विचाराल तर आकडा अगदी तोच नसेल पण दिशा तीच आहे, आणि पिशवीत पू होणं कायमचं टळतं तेवढ्यासाठीसुद्धा काढावी. मोठ्या जातीच्या कुत्रीत किती महिन्यांची असताना काढायची हे डॉक्टरशी बोलून. गाठ झाल्यावर काढली तर होऊन गेलेला कॅन्सर काही उलटा फिरत नाही, तरी गाठीच्याच भुलीत पिशवीपण काढून घेतात, ज्युलीची तशीच काढली.

तिची ग्रेड २ निघाली, मार्जिन स्वच्छ. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि दर महिन्याला आईच्या हातची तपासणी, ती अजून चालू आहे, पहिल्या रविवारी, देवघराशेजारच्या कॅलेंडरवर गोल केलेला असतो. मागच्या महिन्यात उजव्या तिसऱ्या थानाजवळ काहीतरी लागलं म्हणून आईनं मला दुकानातून घरी बोलावलं. धावत गेलो, नाणं लावलं, फोटो काढला, दवाखान्यात नेली. गोचीड होता.